आठाचा तीन झाला, आणि माझे पाच महिने गेले

सिमेंटच्या मिक्सरनं मला उडवलं त्याला आता बरेच दिवस झाले. हात चालतो, नुकसानभरपाईही मिळाली. तरी पोलीस ठाण्यातलं ते बाकडं आठवलं की अजून डोकं फिरतं. कुणी अपघाताच्या दाव्याबद्दल विचारलं की मी कोर्टाचं कमी आणि त्या बाकड्याचंच जास्त सांगत बसतो, असं बायको म्हणते. खरं आहे तिचं.

कराडात माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरांत नवी तार भरायचं दुकान आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये साताऱ्याहून दुचाकीवरनं परत येत होतो. हायवेच्या सहापदरीकरणाचं काम चाललेलं, सगळी वाहतूक सर्व्हिस रोडवर ढकललेली. मागनं मिक्सर आला, कडेला खडीचा ढीग, मला जागाच राहिली नाही. मिक्सरमधला माल साधारण दोन तासांच्या आत ओतावा लागतो, म्हणून ही मंडळी कायम घाईत. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डाव्या मनगटाचा मात्र चुरा झाला आणि आत प्लेट बसली. ऑपरेशनचं, दवाखान्याचं काही सांगत नाही, ते सगळं नीट झालं.

फिर्याद माझ्या मेहुण्यानं दिली. तो मागच्या गाडीवर होता, त्यानं जागेवरच मिक्सरचा फोटो काढला. मी ऑपरेशनला आत, तो रात्री अकराला ठाण्यात. फोटो बघून त्यानं नंबर सांगितला, अंमलदारांनी टाइप केला, यानं सही केली. आता गंमत अशी की मिक्सरच्या नंबरप्लेटवर सिमेंटचा राडा वाळून बसलेला. इंग्रजी आठाची डावी बाजू झाकली की त्याचा तीन होतो. शेवटचा आकडा आठ होता, एफआयआरमध्ये तीन गेला.

चौथ्या दिवशी पोलिसांनी मिक्सर ताब्यात घेतला, तेव्हा पंचनाम्यात बरोबर आठ लिहिलं. म्हणजे एकाच गुन्ह्याच्या कागदात दोन नंबर. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. डिसेंबरात वकीलबाईंनी कागद चाळले आणि चष्मा काढून मला म्हणाल्या, "दावा कुणावर लावायचा? या तीनच्या नंबराचा तर पिकअप टेम्पो आहे." त्यांनी मोबाइलवर परिवहनच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकून दाखवला. टेम्पोच होता, विमा कंपनीसुद्धा वेगळी. त्या म्हणाल्या, हे असंच राहिलं तर विमा कंपनी म्हणणार, अपघात दुसऱ्याच गाडीनं केला आणि तुम्ही विम्याची गाडी मागाहून उभी केली.

म्हणून पहिलं सांगून ठेवतो: एफआयआरवर सही करण्याआधी गाडीचा नंबर एक-एक आकडा बोट ठेवून वाचा. फिर्याद देणाऱ्याला प्रत फुकट मिळते, ती तिथंच मागून घ्या.

मला वाटलं, किरकोळ चूक आहे, जाऊन सांगू, दुरुस्त करतील. गेलो. हवालदार म्हणाले, "एफआयआर एकदा ऑनलाइन चढली की त्यात काना-मात्राही बदलत नाही." मग काय करायचं? "पुरवणी जबाब होईल." कुणाचा? "ज्यानं फिर्याद दिली त्याचा." माझा हात मोडला, दावा माझा, पण जबाब मेहुण्याचा. कायद्यानं बरोबरच असेल ते. पण मेहुणा चाकणला कंपनीत, त्याची सुट्टी गुरुवारी. आणि तपासी अंमलदार गुरुवारी कधी सापडायचे नाहीत.

पहिल्या गुरुवारी ते साताऱ्याला मीटिंगला. पुढच्या गुरुवारी कोर्टात समन्स. मग पौष लागला. पालच्या खंडोबाची यात्रा, मांढरदेवीची यात्रा, सगळा बंदोबस्त तिकडं. पुढं शिवजयंतीचा बंदोबस्त. मेहुणा चाकणहून पहाटेची एसटी धरून यायचा, आम्ही दोघं बाकड्यावर बसायचो, दुपारी तीनला कुणीतरी सांगायचं, "साहेब आज येत नाहीत." हात गळ्यात अडकवलेला, दुकान बंद. मेहुण्याचा खाडा पडायचा नाही, पण आठवड्याची एकच सुट्टी माझ्यापायी जायची. पाचव्या वेळेला तो म्हणाला, "दाजी, माझ्यामुळंच झालं हे सगळं." मी त्याला काहीच बोललो नाही. खरं तर बोलावंसं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो.

एकदा मी ठाण्यात आवाज चढवला. त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढच्या वेळी मला आत घ्यायलाच अर्धा तास लावला.

घाई कशाची होती ते सांगायचं राहिलं. एप्रिल २०२२ पासून दाव्याला मुदत लागली, अपघातापासून सहा महिने. म्हणजे मे महिन्याच्या आत माझा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायलाच हवा होता. पूर्वी अशी मुदत नव्हती, त्यामुळं जुने लोक बिनधास्त सांगतात, "हात बरा होऊ दे, मग बघू." त्यांचं ऐकू नका. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडं द्यायचा असतो. हे मला वकीलबाईंकडून कळलं, तोवर ९० दिवस होऊन गेले होते.

शेवटी एका महिला पोलीसनं मार्ग दाखवला. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा हळूच म्हणाली, "काका, तोंडी सांगत बसू नका. लेखी अर्ज द्या आणि आवकचा शिक्का घ्या." इतकं साधं! अकरा हेलपाट्यांत हे मला सुचलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. त्याच दिवशी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं बसून अर्ज लिहिला. फोटोची प्रिंट लावली आणि दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का घेतला. वकीलबाईंनी आणखी एक प्रत रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षक कार्यालयाला पाठवली. आठच दिवसांत ठाण्यातून फोन, "तुमचा मेहुणा गुरुवारी येईल का?" मी म्हटलं, येईल की!

जबाबाबरोबर वकीलबाईंनी आणखी एक कागद जोडायला लावला. प्रत्येक मिक्सरबरोबर काँक्रीटच्या प्लांटमधून चलन, म्हणजे माल पाठवल्याची पावती निघते, त्यावर गाडीचा नंबर आणि निघाल्याची वेळ असते. त्या दिवसाचं चलन पोलिसांनी प्लांटमधून आणलं. नंबरात आठ, वेळही जुळली. मेहुण्याच्या फोटोत टाकीवर प्लांटनं रंगवलेला गाडीचा अनुक्रमांकही दिसत होता, तोही त्याच गाडीचा निघाला. म्हणून फोटो काढताना नुसती नंबरप्लेट नको, अख्खी गाडी घ्या. दोषारोपपत्रात आठ आला, आणि एप्रिलच्या शेवटी दावा दाखल झाला. दावा आपण राहतो त्या भागातही लावता येतो, अपघाताच्या जागीच लावला पाहिजे असं नाही.

पुढचं कोर्टाचं पटकन सांगतो. मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी असे तिघे जाबदेणार. विमा कंपनीनं कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, "गाडी बदलली" हे लिहिलंच, पण चलन बघितल्यावर त्यांचा सूर उतरला. मग घासाघीस उत्पन्नावर आली. माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलेलं नव्हतं. कामाला आल्या त्या दुकानाच्या जुन्या बिलबुका, ज्या बायकोनं रद्दीत घालू दिल्या नव्हत्या. आम्ही महिना १५,००० म्हणालो, त्यांनी १२,००० धरले. वर्षाच्या कमाईला किती पटीनं गुणायचं तो गुणक वयावर ठरतो; माझं वय तेव्हा ४३, त्याला गुणक १४. धंदा स्वतःचा, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के. वर्षाचे १,४४,००० चे झाले १,८०,०००, गुणिले १४ म्हणजे २५,२०,०००. अपंगत्वाचा दाखला २२ टक्क्यांचा, म्हणजे ५,५४,४००. वकीलबाईंचं म्हणणं होतं, मोटरच्या स्टेटरच्या स्लॉटात, म्हणजे आतल्या खाचांत, तार बसवायला दोन्ही मनगटं लागतात, तेव्हा कामातलं नुकसान २२ पेक्षा जास्त धरा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हेच सांगितलंय, दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतलं नुकसान एकच नसतं. त्यावर भांडलो असतो तर आणखी दोन वर्षं सहज गेली असती. मला ते बाकडं पुन्हा नको होतं, मग ते कोर्टातलं का असेना. लोकअदालतीत दवाखान्याची बिलं धरून साडेसात लाखाला तुटलं. तिथल्या तडजोडीवर अपील नसतं, दोन्हीकडून. घाई केली असं काही जण म्हणतात. म्हणू देत.

बिलं मूळ जपा, मेडिकलची चिठ्ठीसुद्धा. माझी दोन थर्मल कागदावरची पांढरी पडली, ती गेली ती गेलीच. आणि बँकेच्या पासबुकातलं नाव आधारसारखंच आहे का ते आधी बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक वेलांटी जास्त होती, पैसे आणखी तीन आठवडे अडकले.

तडजोडीच्या दिवशी प्लेट काढण्याचा खर्च मी मागायला विसरलोच होतो. वकीलबाईंनी ऐनवेळी त्याचे ३५,००० घालायला लावले. प्लेट अजून हातातच आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात या. पण उन्हाळ्यातच तर पंप जळतात, दुकानात मोटरांची रांग लागलेली असते.