लपवण्यासारखं काही नसतं, मग तुम्ही विचारता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डिझाइन रिसर्च करते, म्हणजे अ‍ॅप किंवा वस्तू घडवणाऱ्यांसाठी लोकांचं वागणं अभ्यासते, आणि त्यातही लोक फोनवरची आपली माहिती कशी जपतात हे बघते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "साध्या माणसांकडे लपवण्यासारखं असतं काय? मग तुम्ही त्यांना विचारता तरी काय?"

'तुम्हाला प्रायव्हसी महत्त्वाची वाटते का?' हे मी विचारतच नाही. शहरातला माणूस 'हो, फारच' म्हणतो आणि कपड्यांच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर सांगून मोकळा होतो. गावाकडची बाई म्हणते, 'आमचं काय असतंय त्यात!' यातून डिझाइनरच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून मी म्हणते, "फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या आधी काय करता, ते जरा करून दाखवा."

सांगली जिल्ह्यातल्या बचत गटाच्या एक सचिव. लपवण्यासारखं काही नाही, हे त्यांनीही आधी सांगून टाकलं होतं. संध्याकाळी मुलगा गेम खेळायला फोन घेतो. त्यांनी दाखवलं ते असं: कॉलच्या यादीतून माहेरचा नंबर पुसला, बहिणीचं चॅट आर्काइव्हमध्ये टाकलं, गटाच्या वहीचे फोटो अध्यक्षांना गेलेत याची खात्री केली आणि गॅलरीतून उडवले. बोलणं चालूच, अंगठा आपला सवयीनं फिरत होता. माहेरचा नंबर का पुसला? "रोज फोन केला की चार दिवस तेच ऐकाय लागतं." आणि वहीचे फोटो? "कुणाचा हप्ता थकलाय ते माझ्या घरात कशाला कळाय पायजे? बायकांनी माझ्यावर विश्वास टाकलाय."

या दुसऱ्या उत्तरासाठी मी हे काम करते. त्यांचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. त्या दुसऱ्यांची अब्रू राखत होत्या. हेलन निसेनबॉम या अभ्यासक गेली वीसेक वर्षं हेच मांडत आल्या आहेत: माहिती उघडी की झाकलेली, एवढंच बघून भागत नाही. ती ज्या नात्यात, ज्या रिवाजानं दिली गेली, तो रिवाज पुढेही पाळला जातो का, हे बघायचं. थकलेला हप्ता गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलला जातो. तोच सचिवांच्या घरात जेवताना निघाला तर घात होतो.

हे एकदा दिसलं की फोनमधल्या सोयींकडे बघायची नजर बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१७ पासून पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसता येतो, पण मागे 'मेसेज पुसला' अशी खूण उरते. ज्या घरात फोन चारजण हाताळतात तिथे ती खूणच भांडणाला पुरते. मे २०२३ मध्ये चॅटला कुलूप लावायची सोय आली. त्यातही कुलपातल्या चॅट्सचा कप्पा यादीत दिसायचाच, म्हणजे 'यात काय ठेवलंस?' हा प्रश्न आलाच. तो कप्पाच दिसेनासा करणारा गुप्त कोड त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

चूक वापरणाऱ्याची नसते, हे या क्षेत्रानं १९९९ मध्येच दाखवून दिलंय. अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी ईमेल सरावानं वापरणाऱ्या १२ जणांना पीजीपी ५.० हा ईमेल कुलूपबंद करणारा प्रोग्राम दिला, दीड तास दिला. जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमलं. तिघांनी तर गुपित मजकूर उघडाच पाठवला. त्याच वर्षी अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांनी दाखवलं की कर्मचारी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवतात, त्यामागे बेफिकिरी नसते. सतत बदलायला लावणारे नियमच तसे असतात.

आणि तरी आपण अजून वडीलधाऱ्यांना 'ओटीपी कुणालाही सांगू नका' एवढंच पढवतो. सिलिंडरवाला दारात उभा राहून कोड मागतो, तेव्हा तो सांगावाच लागतो. मी असे मेसेज कागदाच्या चिठ्ठ्यांवर छापून नेते आणि दोन ढीग करायला सांगते: सांगायचा, नाही सांगायचा. बँकेचा आणि गॅसचा मेसेज हातात धरून चांगले शिकलेले लोकही थबकतात, कारण आकडा आधी येतो आणि तो कशासाठी आहे ते शेवटी. मग म्हणते, तुम्हीच लिहा. एका निवृत्त पोस्टमन काकांनी लिहिलं, "सिलिंडर दारात आला असेल तरच हा नंबर सांगा." कुठल्याही तज्ज्ञाच्या मसुद्यापेक्षा मला ती ओळ सरस वाटते.

कुणी विचारत नाही, पण आमचा अभ्यास हीसुद्धा घुसखोरीच आहे. सासूबाई समोर बसलेल्या असताना सुनेनं मान डोलावली, तर त्याला मी संमती म्हणत नाही. बोलणं संपल्यावर, ती एकटी असताना, पुन्हा विचारते: यातलं काय ठेवू, काय काढू? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठीतही. पण ती सरकारी मराठीत दोन पानं भरून आली, तर वाचणार कोण? सध्या अशाच एका सूचनेचा कच्चा मसुदा घेऊन मी गटाच्या बायकांबरोबर बसते. पहिला परिच्छेद कंपनीच्या धोरणाबद्दल होता. त्यांनी तो पुरता वाचूसुद्धा दिला नाही. "आमची माहिती घेऊन पुढं देणार कुणाला, ते आधी लिवा." आता मसुदा त्या ओळीपासून सुरू होतो.