पिवळी रेघ कागदावर का हरवते

आमच्या ऑफिसातून साइटवर जाणारी जवळजवळ प्रत्येक शीट काळी-पांढरी असते. काम आरसीसीचं: फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब. एका साध्या बंगल्याच्याही ढीगभर शीट होतात, शिवाय दुरुस्त्या होतील तशा नव्या प्रती निघतच राहतात. सगळं रंगीत छापणं परवडत नाही, आणि परवडलं तरी रंग टिकत नाहीत. साइट इंजिनिअर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणखी दोन प्रती काढणार, एक सेंट्रिंगवाल्याला, एक सळई बांधणाऱ्या फिटरला. स्क्रीनवर मात्र आम्ही दिवसभर रंगातच काम करतो. लाल, पिवळा, हिरवा, आकाशी.

मी कोल्हापुरात स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्राफ्टिंग करते. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलची दोन वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली, नंतर ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर आले. नव्या मुलामुलींना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते: रंग काळ्या-पांढऱ्यात उतरवायचं काम प्रिंटरवर सोडायचं नाही. ते आपलं काम आहे. प्रिंटरला तुमच्या ड्रॉइंगमधलं काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे कळत नाही.

पिवळ्या रंगाचंच बघा. ऑटोकॅडची पाटी काळी. काळ्यावर पिवळा सगळ्यात उठून दिसतो, म्हणून बीमच्या कडा, कॉलमच्या बाह्यरेषा, जे ठसठशीत दिसायला हवं त्याला माणूस आपोआप पिवळा किंवा आकाशी रंग देतो. निळा काळ्यावर मिचमिच्या डोळ्यांनी शोधावा लागतो, म्हणून तो बारीकसारीक रेघांना. आता हेच ड्रॉइंग काहीही न बदलता काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर टाका. रंगाचं करड्यात रूपांतर होताना हिरव्याच्या उजेडाला साधारण 59 टक्के वजन मिळतं, लालच्या 30 आणि निळ्याच्या 11. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे 89 टक्के उजेड. कागदावर त्याच्या वाट्याला उरते 11 टक्के शाई. निळ्याचं नेमकं उलट, त्याला 89 टक्के. स्क्रीनवर जे सगळ्यात ठळक होतं ते कागदावर सगळ्यात फिकं, आणि जे दडवलं होतं ते वर आलेलं.

त्यात लेझर प्रिंटरकडे करडा टोनर नसतोच. असतो तो काळा. करडा दाखवायचा तर तो काळे ठिपके विरळ टाकतो. मोठ्या भरलेल्या जागेत ते चालतं, पण पाव मिलिमीटरच्या रेघेत ठिपके बसणार किती? रेघ तुटते. सलग रेघ आणि तुटक रेघ यांचा ड्रॉइंगमध्ये वेगळा अर्थ असतो. दिसणारी कड सलग, झाकलेली कड तुटक. प्रिंटरने तोडलेली रेघ झाकलेल्या कडेसारखी दिसायला लागली की वाचणाऱ्याने काय समजायचं?

रंगांचा हा घोळ आला कुठून, हे कळलं की उपाय सोपा वाटतो. बोर्डावर काम करायचो तेव्हा ट्रेसिंगवर रंग नव्हताच. शाईचे पेन होते, 0.2, 0.3, 0.5, आणि ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघायचे. काय कापलं गेलंय, काय पलीकडे दिसतंय, माप कुठलं, हे सगळं जाडीवर कळायचं. ऑटोकॅड 1982 साली आलं, तेव्हा ड्रॉइंग छापायची मोठी यंत्रं, म्हणजे प्लॉटर, बहुतेक पेनचेच होते. यंत्रात सहा किंवा आठ पेन लावलेले असायचे, आणि कुठल्या रंगाच्या रेघेला कितवा पेन उचलायचा ते ठरवून दिलेलं असायचं. लाल म्हणजे एक नंबरचा पेन, पिवळा म्हणजे दोन नंबरचा. म्हणजे स्क्रीनवरचा रंग हा मुळात पेनच्या जाडीचा पत्ता होता, तो कागदावर रंग म्हणून उमटायलाच हवा असं नव्हतं. पुढे पेन गेले, इंकजेट आणि लेझर आले, पण ती सवय सीटीबी फाइलच्या रूपात शिल्लक राहिली. सीटीबी म्हणजे 255 रंगांचा तक्ता: या नंबरचा रंग कागदावर कुठल्या रंगात, किती जाडीने, किती गडद उमटवायचा.

म्हणून प्लॉटच्या, म्हणजे छपाईच्या खिडकीत सीटीबीच्या जागी मोनोक्रोम निवडायचं, ग्रेस्केल नाही. ग्रेस्केल वरचंच करड्याचं गणित करतं. मोनोक्रोम सगळ्या 255 रंगांना सरळ काळं करतं. बरेच जण इथे थांबतात आणि खूश होतात. मी थांबत नाही, कारण मोनोक्रोममध्ये जाडी कोणी ठरवलेली नसते, ती रेघेकडून घेतली जाते. लेअरला, म्हणजे एका प्रकारच्या रेघांच्या गटाला, जाडी दिलीच नसेल तर सगळं डीफॉल्ट 0.25 वर येतं. सगळं काळं, सगळं सारखं. मापाची रेघ आणि कॉलमची कड यांत फरक नाही. असं ड्रॉइंग वाचणं म्हणजे विरामचिन्हं नसलेलं पत्र वाचणं.

आम्ही मोनोक्रोमची नक्कल काढून ऑफिसची स्वतःची फाइल केली आहे. लाल 0.18, हिरवा 0.25, पिवळा 0.35, आकाशी 0.5. शीटची चौकट आणि सेक्शन कापल्याच्या खुणा 0.7. हे आकडे मनाचे नाहीत. प्रत्येक जाडी आधीच्या सुमारे 1.41 पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए-वन, ए-टू, ए-थ्री हे कागदही त्याच प्रमाणात लहान होत जातात. ए-वनची शीट ए-टूवर उतरवली की 0.5 ची रेघ 0.35 होते, म्हणजे मालिकेतलीच पुढची जाडी. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता भरलेल्या जागा. मोनोक्रोममध्ये 254 नंबरचा फिकट करडाही काळाच होतो. त्या रंगात कोणी जुना कॉलम सॉलिड हॅचने, म्हणजे सलग भरावाने, भरला असेल तर कागदावर काळा ठोकळा, आणि त्यावर लिहिलेला कॉलम नंबर गायब. म्हणून आमच्या फाइलमध्ये 250 ते 254 हे रंग फक्त भरण्यासाठी राखून ठेवलेत आणि त्यांचं स्क्रीनिंग, म्हणजे शाईची टक्केवारी, उतरवलंय, 50, 40, 30 असं. रेघांचं स्क्रीनिंग मात्र 100 च. रेघ फिकी हवी असेल तर ती बारीक करा, विरळ करू नका.

एवढं करूनही एखादा ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेलं तयार चित्र, कागदावर करडा दिसतो. बहुतेक वेळा तो आर्किटेक्टकडून आलेला असतो: फर्निचर, झाडं, गाड्या. तिथे रंग नंबरने दिलेला नसतो, लाल-हिरव्या-निळ्याच्या तीन आकड्यांनी दिलेला असतो. सीटीबीच्या तक्त्यात फक्त 255 नंबरचे रंग, त्यामुळे हा ट्रू कलर तक्त्याला सापडतच नाही आणि तसाच छापला जातो. लेअरच्या यादीत रंगाच्या जागी एका आकड्याऐवजी स्वल्पविराम असलेले तीन आकडे दिसले की समजायचं. लेअरला नंबरचा रंग द्यायचा आणि ब्लॉकवर सेटबायलेअर ही कमांड चालवायची, म्हणजे तो लेअरचाच रंग घेतो. आणि सीटीबीची यादी उघडल्यावर तिथे एसटीबीच फायली दिसत असतील तर ते ड्रॉइंग दुसऱ्या पद्धतीचं आहे, जिथे छपाई रंगाच्या नंबरवर नाही तर नाव दिलेल्या स्टाइलवर ठरते. कन्व्हर्टपीस्टाइल्स ही कमांड देऊन ते आपल्या पद्धतीत आणता येतं.

इथपर्यंत सगळं यंत्राचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती अर्थाची.

मागे एका साइटवर स्लॅबची सळई बांधून होत होती. तिथली शीट आमच्या ऑफिसची नव्हती, आम्हाला फक्त तपासणीला बोलावलं होतं. मूळ ड्रॉइंगमध्ये खालची जाळी हिरवी आणि वरची लाल, समासातल्या खुलाशातही तेच. साइटवर होती झेरॉक्स. फिटर वयस्क, हातात हूक, शीट सिमेंटच्या पोत्यावर पसरलेली. मला म्हणाला, “ताई, ह्यातली वरली कुठली आणि खालली कुठली?” मी पाहिलं. दोन्ही रेघा सारख्याच काळ्या, सारख्याच जाडीच्या. खाली खुलासा: हिरवी रेघ – खालची सळई, लाल रेघ – वरची सळई. त्या कागदावर ना हिरवं होतं ना लाल.

तो विचारत होता ती जागा बाल्कनीची होती. मधल्या स्लॅबला ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. बाल्कनी आणि छज्जा भिंतीतून बाहेर आलेले, त्यांचं टोक खाली झुकायला बघतं आणि ताण वरच्या अंगाला येतो. तिथे मुख्य सळई वरच हवी. ती खाली गेली तर सेंट्रिंग काढताना बाल्कनी उतरू शकते. त्या माणसाला हे अनुभवाने माहीत होतं, म्हणून तर त्याने विचारलं. “बाल्कनीला मी वरच बांधणार होतो,” तो म्हणाला, “पण कागद काय सांगतोय ते बघू म्हटलं.” कागद काहीच सांगत नव्हता.

आमच्या शीटवर खालची सळई सलग असते, वरची तुटक, आणि प्रत्येक सळईवर मापासोबत अक्षर असतं: खालच्यावर बी, वरच्यावर टी. “टी10 @ 150” असं लिहिलं तर टी म्हणजे टॉप (वरची) की टॉरची, म्हणजे पिळाची सळई, असा गोंधळ होतो, म्हणून सळईच्या मापाआधी वाय लिहितो आणि टॉप-बॉटम कंसात शेवटी. स्क्रीनवर रंग आहेतच, आमच्या सोयीसाठी. पण रंग काढून घेतला तरी अर्थ उरला पाहिजे, ही अट.

नगरपालिकेच्या मंजुरीचे नकाशे याला अपवाद. तिथे रंग नियमानेच ठरलेले: नवं बांधकाम लाल भरलेलं, पाडायचा भाग पिवळ्या आडव्या-तिरप्या रेघांनी, असलेलं काम काळ्या कडांनी. ती प्रत रंगीतच लागते. पण जुन्या वाड्याची दुरुस्ती असली की तोच नकाशा झेरॉक्स करून मिस्त्रीच्या हाती देतात, हे फार वाईट. नवी भिंत आणि जुनी भिंत दोन्ही काळी, आणि पाडायच्या भागाच्या पिवळ्या रेघा जवळजवळ दिसतच नाहीत. साइटसाठी वेगळी शीट काढा. जुनं काम बारीक कडांनी, पाडायचं तुटक कडांनी आणि त्यात “पाडणे” असं मराठीत लिहून, नवं काम दाट हॅचने.

ए-थ्रीची गोष्ट राहिली. ए-वनवर मांडलेलं ड्रॉइंग घाईत ए-थ्रीवर छापतात. लांबी-रुंदी निम्मी होते, जाडीही निम्मी, 0.18 ची रेघ 0.09. सहाशे डीपीआयच्या, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके टाकणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण 0.042 मिलिमीटरचा, म्हणजे ती रेघ दोन ठिपक्यांवर उभी. आमच्या मशीनवर ती येते, पण तिची झेरॉक्स काढली की जाते. साइटवर ए-थ्रीच वापरणार असतील तर ए-थ्रीचा लेआउट वेगळा करा, अक्षरं मोठी ठेवा. अडीच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मी साइटच्या शीटवर ठेवत नाही.

आणि प्लॉटिंगवाल्याला डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, देऊ नका. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये सीटीबीचं फक्त नाव असतं, तक्ता नसतो. त्याच्या कॉम्प्युटरवर आपली फाइल नसेल तर आपल्या जाड्या तिथे पोचतच नाहीत. पीडीएफ द्या, आपल्याच सीटीबीने काढलेली. ती पीडीएफ आधीच काळी असते, त्यामुळे त्याच्या प्रिंटरला करड्याचं गणित करायला काही उरत नाही.

शेवटचं, जे मी प्रत्येक शीटवर करते. टायटल ब्लॉकच्या, म्हणजे शीटचं नाव-नंबर असलेल्या चौकटीच्या, डाव्या बाजूला एक छोटी पट्टी, तिच्यात वापरलेल्या प्रत्येक रंगाची एकेक सेंटिमीटरची रेघ आणि शेजारी जाडीचा आकडा, शिवाय भरलेल्या करड्यांचे तीन चौकोन. प्रिंट हातात आली की आधी ही पट्टी बघायची. 0.18 ची रेघ सलग हवी, 0.35 आणि 0.5 नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या कळायला हव्यात, तिन्ही चौकोन एकमेकांपेक्षा वेगळे दिसायला हवेत. मग त्याच प्रिंटची एक झेरॉक्स काढून पट्टी पुन्हा बघायची, कारण फिटरच्या हातात तीच जाणार आहे.