तापाचा कितवा दिवस?

पावसाळा लागला की गोव्यातल्या प्रयोगशाळांत येणाऱ्या कितीतरी फॉर्मांवर निदानाच्या रकान्यात एकच शब्द असतो: ‘ताप’. किती दिवसांचा, ते नसतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डेंग्यू, हिवताप, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस पहिल्या तीन दिवसांत बरेचसे सारखे दिसतात. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, उतरलेल्या प्लेटलेट. अंगावर काय दिसलं आणि रक्त कितव्या दिवशी घेतलं, ही दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तरच रिपोर्टला अर्थ येतो.

डेंग्यूची एनएस-१ चाचणी विषाणूचंच प्रथिन शोधते, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची. आयजीएम, म्हणजे शरीराने आजाराविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड, साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतं. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं समजणं चूकच. पण त्याहून मोठी चूक म्हणजे नुसत्या प्लेटलेटकडे बघत बसणं. घरच्यांचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो, ते समजतं. वॉर्डाचा अडकू नये. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यामुळे, आणि ते कळतं हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीवरून: द्रव गेला की रक्त घट्ट होतं आणि ती वाढते. दाखल होताना ३८ असलेला हिमॅटोक्रिट दुसऱ्या दिवशी ४६ झाला, तर वाढ २० टक्क्यांच्या वर गेली. हे घडतं तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरताना. घरच्यांना वाटतं, बरं झालं. त्याच वेळी पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात आणि रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी होतं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली आणि छातीत, बहुधा उजवीकडे, पाणी दिसतं. पुढचे २४ ते ४८ तास सलाईनचा वेग मोजूनमापून ठेवायचा. कमी दिलं तर शॉक, जास्त दिलं तर फुप्फुसांत पाणी.

प्लेटलेट अचानक १५,००० आल्या आणि अंगावर एकही लाल ठिपका नाही, तर आधी नळीवर शंका घ्यावी. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त भरल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची असते. जोरात हलवायची नाही. शीर सापडेना म्हणून बराच वेळ टोचत राहिलं की सिरिंजमध्येच बारीक गुठळी धरते, प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि यंत्र कमी मोजतं. काही रुग्णांत तर रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात. स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या, कडेला पुंजके दिसले तर सायट्रेटच्या, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावं आणि नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणावं.

लेप्टो हा शेताचा आणि पाणथळीचा आजार. लावणीला चिखलात अनवाणी उतरलेला माणूस, पायाला भेग किंवा जखम, आणि उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेलं पाणी. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. पोटरी दाबली की माणूस कळवळतो. ती दाबून बघायला दहा सेकंद पुरतात, तरी राहून जाते. रिपोर्टमधली खूण अशी: काविळीचं बिलिरुबिन १५, पण यकृताचं एन्झाइम एसजीपीटी फक्त ९०. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी हजाराच्या घरात जातं, इथे बिलिरुबिनच्या मानाने ते फारच कमी. सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि स्नायूंचं एन्झाइम सीपीकेही वाढलेलं.

आता पोटॅशियम. मूत्रपिंड बिघडलं की ते वाढतं, हा नेहमीचा अनुभव. लेप्टोत मात्र ते बऱ्याचदा कमी असतं. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या रक्तात लाल पेशी फुटतात, सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) गुलाबी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन रिपोर्ट नॉर्मल दिसतो. खरी कमतरता झाकली जाते. म्हणून सीरम गुलाबी दिसलं की नमुना परत मागवावा, वॉर्डाने कितीही घाई केली तरी. आणि लेप्टोच्या रुग्णाच्या खोकल्यात रक्त दिसलं, तर छातीचा एक्स-रे सकाळपर्यंत ठेवायचा नाही.

हिवतापाला आजही जाड आणि पातळ थेंबांच्या स्लाइडइतका भरवशाचा पुरावा नाही. जाड थेंब मिथेनॉलमध्ये बुडवायचा नाही, कारण त्याने पेशी न फुटता पक्क्या होतात. लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन धुऊन निघायला हवं, तरच परजीवी दिसतात. पातळ थेंब मात्र बुडवायचा. परजीवीचे दोन मुख्य प्रकार. व्हायवॅक्समध्ये परजीवी असलेली पेशी फुगलेली आणि बारीक ठिपक्यांची. फाल्सीपारममध्ये पेशी नेहमीएवढीच, तिच्यात एकाहून जास्त नाजूक कड्या आणि कधी केळ्याच्या आकाराची रूपं. नळीत तासन् तास पडलेल्या रक्तात परजीवींचा आकार बिघडतो, त्यामुळे स्लाइड लगेच करावी. एक निगेटिव्ह आली तर पुन्हा घ्यावी.

स्क्रब टायफसची खूण कपड्यांखाली असते. काखेत, जांघेत, कमरेच्या दोरीखाली, स्त्रियांत स्तनांखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. सापडली तर चाचणीची वाट न बघता डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू करतात, आणि ताप बहुधा ४८ तासांत उतरतो.

पावसाळा संपला तरी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हा प्रश्न संपत नाही. २०१५ पासून तिथे माकडतापाचे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) रुग्ण आढळले आहेत. हा गोचिडींचा आजार हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे काजूच्या हंगामातही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेल्या, यकृताची एन्झाइम चढलेली, डोळे लाल. ताप चढलेला असूनही नाडी त्या मानाने संथ. चाचणी सुरुवातीच्या दिवसांत विषाणू शोधणारी आरटी-पीसीआर, नंतर आयजीएम. काही रुग्णांत ताप जातो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग दुसरा ताप येतो, या वेळी मान आखडणं, हात थरथरणं, बडबडणं घेऊन. अशा रुग्णाच्या फॉर्मवर ‘ताप, २ दिवस’ एवढंच लिहिलं तर प्रयोगशाळा नव्या आजाराच्या चाचण्या करत बसते. तिथे दोन तारखा हव्यात: पहिला ताप कधी आला ती, आणि हा कधी आला ती.