मानेवरचा मस गेला एकदाचा

लहानपणापासून मानेवर असलेला मस आज काढून आलो. शर्टाची कॉलर रोज घासायची, त्यात कटिंगच्या वेळी दोनदा वस्तरा लागलेला. आजी असती तर घोड्याच्या शेपटीचा केस बांधून मोकळी झाली असती. आईचा आग्रह चुन्याचा! मी गुपचूप सात रस्त्याकडं स्किनच्या डॉक्टरांना गाठलं.

दिव्याचं भिंग मानेला टेकवून त्यांनी निवांत बघितलं. दोन्ही बाजू सारख्या, कडा सरळ, रंग एकच. "साधा आहे ओ, ठेवला तरी चालतंय." पाठीवरचे तीळही बघितले. आकार किंवा रंग बदलायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा झाला, तर लगेच दाखवायचं म्हणाले.

भुलीची सुई मात्र झोंबली. मुंगी चावल्यासारखं म्हणतात, मला तर गांधीलमाशीच वाटली! पुढचं काही कळलंच नाही. शेंगदाण्याएवढा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत, खात्रीसाठी तपासणीला.

घरी आई कडक भाकरी मोडता मोडता म्हणाली, "नशिबाचा होता की रे तो, काढलास व्हय?"

हात अजून सवयीनं मानेकडं जातोय, पट्टीला लागून परत येतोय.