चोवीस टूटू आणि एक काडी

गुरुवारी सकाळी पावणेदहाला कुरिअरवाल्याने सूट ठेवायची लांबट पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्या पोटात गोळाच आला. टूटू म्हणजे बॅले नर्तिकेचा जाळीच्या थरांचा ताठ, घेरदार घागरा, तो असल्या पिशवीत मावत नाही. मावला असेल, तर कुणीतरी त्याची घडी घातलेली असणार.

इंग्लंडमधल्या एका बॅले कंपनीचा कपडेपट आम्ही पाचजणी सांभाळतो. मला इथे सहा वर्षं झाली. टूटू आम्ही उलटा टांगतो, म्हणजे थर स्वतःच्या वजनाने खाली येत नाहीत. त्याला घडी नाही आणि धुणं नाही. घामाचा वास जावा म्हणून चोळीला आतून पाणी मिसळलेली व्होडका फवारतो, ओल्या फडक्याने टिपतो आणि पंख्याखाली ठेवतो. आतल्या पट्टीवर नर्तिकेचं नाव शाईने लिहिलेलं असतं. नवी आली की जुन्या नावावर रेघ मारून खाली नवं लिहायचं. त्या दिवशी परत आलेल्या टूटूवर पाच नावं होती.

दोन आठवड्यांपूर्वी तो एका फॅशन मासिकाच्या छायाचित्रांसाठी दिला होता. आमच्या कार्यालयाला भाड्याचे पैसे हवे होते. फॉर्मवर सही माझी. न्यायला आलेली स्टायलिस्ट मुलगी गोड बोलत होती. 1998 साली न्यूयॉर्कच्या एका टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला नायिका टूटू घालून रस्त्याने जाते, तेव्हापासून हा कपडा रंगमंचावरून रस्त्यावर आला, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, त्याच्या कितीतरी आधी आलाय. 1947 नंतर पॅरिसच्या फॅशन डिझायनर डिओरने कंबर आवळून खाली घेरदार घागरे फुलवले. 1949 च्या त्याच्या 'ज्युनों' गाऊनवर पाकळ्यांचे थर एकावर एक रचलेत, ते बघताना मला तरी बॅलेच आठवतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामडी बुटांवर रेशन आलं तेव्हा तिथल्या डिझायनर क्लेअर मॅकार्डेलने बॅलेच्या सपाट चपला रोजच्या कपड्यांखाली घालायला काढल्या. आणि आपल्याकडे लग्नाच्या घागऱ्याला 'आतून कॅन-कॅन लावून द्या' असं शिंप्याला सांगतात, ते नावसुद्धा पॅरिसच्या नाचाचंच. ती सगळं वहीत लिहून घेत होती. मला बरं वाटलं. एवढ्या आस्थेने ऐकणारी मुलगी कपडा जपेल, असं मी धरून चालले.

पिशवी उघडली. आतलं पोलादी कडं दोन ठिकाणी मोडून वाकलेलं, जाळीवर तिसऱ्या थरापर्यंत तळ्याच्या पाण्याची पिवळट रेघ. आणि थरांमधले टाके सगळे कापलेले.

या टाक्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण प्रेक्षागृहातून ते कुणालाच दिसत नाहीत. 'स्वान लेक' बॅलेतल्या आमच्या हंसांच्या टूटूला अकरा थर. सगळ्यात खालचा चार बोटं, सगळ्यात वरचा जवळजवळ हातभर. प्रत्येक थराला हाताने चुण्या घालायच्या आणि आतल्या निकरवर आखलेल्या रेघेवर तो शिवायचा. एका टूटूला बारा-तेरा मीटर जाळी जाते. एवढं झालं की समोर एक पिंजारलेला ढीग असतो, टूटू नसतो. मग तो उलटा करून थर एकमेकांना सैल टाक्यांनी बांधायचे, दोन-अडीचशे तरी. टाका जरा ओढला गेला की थर पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि नर्तिका थांबल्यावरही हलत राहतो. जरा जास्त सैल सोडला तर गिरकीत थर वेगळा होऊन वर उडतो. बरोबर बसला की ती थांबते, घागरा एकदाच श्वास घेतल्यासारखा हलतो आणि निवतो. हे मापाने येत नाही, बोटांनी येतं. साताऱ्याला माझी आत्या ब्लाउज शिवायची. ती म्हणायची, कपडा आधी उलटा करून बघ, सुलट बाजू कुणीही शिवतं.

त्या मुलीने टाके का कापले, ते मला लगेच कळलं. तिला तो ताठ तबकासारखा नको होता, खाली ओघळणारा हवा होता. म्हणजे नकळत ती मागे गेली होती. 12 मार्च 1832 ला पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हे बॅले झालं, तेव्हा त्यातल्या नर्तिकेचा, मारी तालिओनीचा घागरा असाच होता, पांढरा, घंटेसारखा, पोटरीपर्यंत. मग इटलीच्या नर्तिकांची पावलं अवघड होत गेली, ती दिसायला हवीत म्हणून घेर वर सरकला. व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली ती आखूड घागऱ्याचा हट्ट धरूनच. आज आम्ही बांधतो ते तबक या मागणीतून आलंय. पाय मोकळा दिसावा, ही ती मागणी. हे मी त्या मुलीला सांगितलं होतं. टाके मात्र दाखवले नव्हते.

संध्याकाळी साडेसातला 'स्वान लेक'. हंस दुसऱ्या अंकात येतात, म्हणजे मला आणखी अर्धा तास. कडं सरळ होईना. वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्काने 1950 मध्ये नृत्यदिग्दर्शक बालांशीनच्या 'सिंफनी इन सी'साठी कडं नसलेला, आखूड थरांचा टूटू केला होता, गर्दीत एकमेकींना लागून तो वर उचलला जात नाही. मी म्हटलं, तसा बिनकड्याचा बांधते. आमच्या प्रमुख बाई साठीच्या आहेत, कमी बोलतात. "तेवीस ताठ आणि एक मऊ? बाल्कनीतून पहिला तोच दिसेल." मी नवं कडं घालायला घेतलं.

तेवढ्यात त्यांनी पिवळी रेघ पाहिली. "हा पाण्यात होता?"

रंगमंचावरच्या जाळीवर आग न धरणाऱ्या रसायनाचा हात असतो. आमच्या संचावरचं रसायन पाण्याने उतरणारं आहे. बाईंनी सगळ्यात खालच्या थराचा बोटभर तुकडा कापला, चिमट्यात धरून मोरीपाशी नेला आणि काडी लावली. रसायन असलेली जाळी आगीपासून आक्रसते आणि काडी बाजूला घेतली की विझते. ही विझली नाही. वर चढत गेली आणि पेटते थेंब टपटप मोरीत पडले.

मी इतकी संतापले होते, की त्या मुलीला फोन लावायला हातात घेतलाही होता. बाई म्हणाल्या, "शेजारचा काढ."

"तो तर इथून हललाही नाही."

"म्हणूनच."

शेजारच्याचा तुकडाही तसाच जळला. तिसऱ्याचाही.

बाईंनी नोंदवही काढली. संच शिवला तेव्हाचं प्रमाणपत्र पहिल्या पानाला टाचलेलं होतं. पुढे 'पुन्हा फवारणी' असा रकाना. शेवटची नोंद आठ वर्षांपूर्वीची. म्हणजे माझ्या आधीची दोन वर्षं आणि माझी सहा. ओलं फडकं, व्होडका, वाफ, दर प्रयोगाला थोडं थोडं करत आम्हीच ते उतरवलं होतं. नोंदवही माझ्या टेबलाच्या खणात असते. मी ती टाके, हुक आणि नावं लिहायला रोज उघडते.

तिथून साडेचारपर्यंत मी फार विचार केला नाही. बाईंनी थिएटरच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. कृत्रिम धाग्यासाठीचं रसायन गोदामात होतं. चोवीस टूटू उलटे टांगून थराथरांत फवारणी केली, इमारतीतले होते नव्हते ते सगळे पंखे लावले. ओली जाळी मान टाकते, ती वाळता वाळता बोटांनी वर उचलत राहावं लागतं. वाळल्यावर प्रत्येकाचा एकेक तुकडा अधिकाऱ्यासमोर पेटवला. चोवीसही विझले. परतलेल्या टूटूचे टाके मी पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी संपवले.

हंस कपडे चढवायला आले तेव्हा पाच नावांतली शेवटची नर्तिका आरशात बघून म्हणाली, "हा आधी असा नव्हता. जड झालाय. चमक गेली." ती खोटं बोलत नव्हती. रसायनाने जाळी किंचित खरखरीत होते आणि पांढरा मंदावतो.

मला एमा लिव्री आठवली. तालिओनीची शिष्या. गुरूने तिच्यासाठी 1860 मध्ये 'ल पापियों' रचलं, त्यात ती फुलपाखरू होते आणि मशालीवर तिचे पंख जळतात. तेव्हा पॅरिसमध्ये कार्तेरों नावाच्या माणसाची कापड आगरोधक करण्याची रीत आली होती, पण कापड ताठ आणि मळकट दिसायचं. लिव्रीने नकार दिला. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीत तिचा घागरा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने ती तळमळत होती. 26 जुलै 1863 ला गेली तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्या कपड्याच्या उरलेल्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. फॅशनच्या प्रदर्शनांत टूटूचा इतिहास मांडतात, तेव्हा तालिओनीचं चित्र भिंतभर असतं आणि लिव्री कोपऱ्यात दोन ओळींत उरकतात. याचा मला राग येतो. आमच्या कपडेपटातली प्रत्येक नियमाची ओळ तिच्यासारख्या मुलींनी लिहिलीय.

मी त्या नर्तिकेला एवढंच म्हटलं, "चमक प्रकाशयोजनेत मिळेल. हा असाच घालायचा." तिने घातला. मी विंगेत उभी राहून सबंध दुसरा अंक फक्त तिचा घागरा बघितला. थांबली की एकदा हलत होता आणि निवत होता.

पुढच्या आठवड्यात मासिकाकडून छायाचित्र आलं. गुडघाभर पाण्यात उभी मुलगी, भोवती मोकळे सुटलेले थर पसरलेत, धुक्यासारखे. फार सुंदर आहे. मी ते बराच वेळ बघत बसले, आणि त्याबद्दलही मला अजून नीट काही म्हणता येत नाही. ते टाके कापले नसते, तळ्यात गेला नसता, तर बाईंनी त्या दिवशी काडी ओढली नसती. आणि तो मासिकवाल्यांनी मला न विचारता भिजवला, ही गोष्टही तेवढीच खरी.

आता कार्यालयाने नुकसानभरपाईचा फॉर्म पाठवलाय. कडं, टाके, मजुरीचे तास, हे मी भरलंय. खाली एक रकाना आहे: 'इतर निरीक्षणं'. अर्ज मासिकाकडे जाणार आहे, त्यामुळे कार्यालयाला तो रिकामा हवाय. बाई म्हणाल्या, तुझी सही आहे, तू ठरव. मोरीतून उचललेले दोन जळके तुकडे मी पाकिटात ठेवलेत, एक तळ्यात गेलेल्याचा आणि एक इथून न हललेल्याचा. कुठला कुठला, ते आता मलाही ओळखता येत नाही. दोन्ही अर्जाला टाचलेत आणि रकान्यात आठ वर्षांपूर्वीच्या शेवटच्या फवारणीची तारीख लिहिलीय. सोमवारी द्यायचाय.