भोसरीची टूलरूम ते परागकणांचा पॅच : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत बाबांनी टूलरूम, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचं वर्कशॉप, टाकली तेव्हा कामं ठरलेली असायची. बाटल्यांची बुचं, स्विचचे भाग, औषध मोजायचे छोटे कप. साचा करायचा, ट्रायल शॉट काढायचे, कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेलं जादा प्लास्टिक, दिसला की साचा परत बेंचवर. मी इंजिनिअरिंग करून आले आणि बाबांनी मला थेट पॉलिशिंगला बसवलं. आज आम्ही जे काम करतो त्याचा पाया त्या बेंचवर घातला गेला.

औषधाच्या क्षेत्रात आम्ही शिरलो ते लॅन्सेटमुळे. ॲलर्जीची त्वचाचाचणी करताना हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात, त्यातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. त्यासाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या लॅन्सेटचा साचा आम्ही पुण्यातल्या एका डॉक्टरांसाठी केला. टोक जेमतेम एक मिलिमीटरचं, आणि प्रत्येक नगाचं अगदी सारखं हवं. नाहीतर गांधी ॲलर्जीमुळे उठली की टोचण्यातल्या फरकामुळे, हे कळत नाही. साचा पास झाला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ताई, चाचणी त्वचेच्या या वरच्या थरात होते, तर उपचार इथेच का होऊ नये?"

तेव्हापासून मी या विषयाच्या, म्हणजे त्वचेवर पॅच लावून परागकणांच्या ॲलर्जीवर उपचार करण्याच्या, मागे लागले.

पुण्यात थंडी ओसरायला लागली की वावळाची झाडं पानांआधी फुलतात आणि बारीक पराग हवेत सुटतो. पावसाळ्यानंतर गवतांची पाळी. शिंका, नाक गळणं, डोळे चोळून लाल होणं, आणि काहींना दमा. गोळ्या त्रास दाबतात. शरीराची सवय बदलायची असेल तर इम्युनोथेरपी आहे, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला त्याची सवय लावणं. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून तिची सुरुवात केली. पद्धत मुळात आजही तीच: अगदी कमी डोसपासून चढत जायचं, मग ठरावीक अंतराने इंजेक्शनं, एकूण तीन ते पाच वर्षं. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं, कारण क्वचित का होईना, अंगभर तीव्र रिॲक्शन येऊ शकते. हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं हे कसं सांभाळायचं? बरेच जण मध्येच सोडतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर, एपिडर्मिस, याला रक्तवाहिन्या नसतात. पण लँगरहान्स पेशी भरपूर असतात. या पेशी बाहेरून आलेलं प्रथिन उचलतात आणि लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. तिथे शरीराला त्या प्रथिनाची ओळख नव्याने करून देता येते. म्हणजे अर्क रक्तात एकदम न जाता योग्य ठिकाणी पोचतो. झुरिकमधल्या डॉक्टरांनी गवताच्या परागकणांचे पॅच दंडावर लावून हे माणसांवर तपासलं आणि २००९ मध्ये पहिले निष्कर्ष मांडले. २०१२ च्या मोठ्या अभ्यासात १३२ रुग्ण होते, आठवड्याला एक असे सहा पॅच. जास्त डोसवाल्यांना फरक पडला. पॅचखाली खाज आणि इसब मात्र आलं, आणि काहींना अंगभर रिॲक्शनही आली. म्हणून कुणी या पद्धतीला "संपूर्ण निर्धोक" म्हटलं की मी तिथेच थांबवते.

त्या अभ्यासांत पॅचआधी चिकटपट्टी लावून-ओढून त्वचेचा वरचा मृत थर पातळ करत. तो थर अवघा दहा-वीस मायक्रॉनचा, पण प्रथिनाचा मोठा रेणू त्यातून आत जात नाही. किती थर निघाला हे पट्टी ओढणाऱ्या हातावर ठरतं. डोस हातावर ठरू नये असं मला वाटलं, आणि साचेवाल्यांचं काम नेमकं इथे सुरू होतं.

आम्ही पॅचवर बसणाऱ्या, तो मृत थर भेदून त्वचेत विरघळणाऱ्या सूक्ष्म सुया करतो. धातूच्या मास्टरवरून, म्हणजे मूळ नमुन्यावरून, सिलिकॉनचा साचा, त्यात साखर आणि पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं द्रावण, मग व्हॅक्युम. व्हॅक्युम कमी पडला की खळग्याच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि सुईला टोकच येत नाही. वरून पॅच छान दिसतो. मायक्रोस्कोपखाली आडवा धरला की रांगेत मधेच एखादी बोथट सुई उभी असते. तो अख्खा पॅच बाद. सुरेखाताई हे तपासणीचं काम करतात. पूर्वी त्या बुचांच्या कडा तपासायच्या, आणि त्यांच्या नजरेवर माझा कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

पुण्याच्या जुलैने आमची खरी परीक्षा घेतली. साखर हवेतलं पाणी ओढते. सकाळी ताठ असलेल्या सुया दुपारी दाबल्या की वाकायच्या, त्वचेत शिरायच्याच नाहीत. लहानशी कोरडी खोली बांधली, प्रत्येक पॅच सिलिका जेलसकट फॉइलमध्ये सील करायला लागलो. खर्च वाढला, पण त्याशिवाय हे काम करण्यात अर्थ नाही.

सगळे विचारतात, गाजरगवताचा पॅच का नाही करत? १९५०च्या दशकात भारतात या तणाची नोंद झाली ती पुण्यातच, आणि त्याने छळलेली माणसं इथे कमी नाहीत. पण त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य त्वचेलाच भडकवतं. शेतकऱ्यांच्या मानेवर-हातांवर येणारं चिवट इसब त्याचंच. ज्या वाटेने आजार येतो, त्याच वाटेने पूर्ण शुद्ध न केलेला अर्क घालायचा? ते काम आम्ही घेतलेलं नाही.

एका गुंतवणूकदाराची अट होती की माहितीपत्रकावर "इंजेक्शनला कायमचा पर्याय" असं छापा. आमचा पॅच अजून औषध नाही. त्यात सध्या परागकणांचा अर्कही नाही. रंग आणि चाचणीपुरतं प्रथिन घालून सुया किती खोल जातात, किती वेळात विरघळतात, एवढंच मोजतो. माणसांवरच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. मी नकार दिला. बुचांच्या साच्यांची कामं चालू ठेवली; पगार आजही त्यांवरच होतात, आणि बाबांना त्याचा अभिमान आहे, मलाही.

पुढचा टप्पा स्थिरता चाचणीचा आहे: फॉइलमधला पॅच महिनोन्‌महिने ठेवून सुई किती टिकते आणि प्रथिन शाबूत राहतं का, हे पाहायचं. त्यासाठी कोरड्या खोलीत काम करायला दोन माणसं हवी आहेत. मायक्रोबायोलॉजी किंवा फार्मसीचं शिक्षण असेल तर उत्तम; आयटीआयचा टूल अँड डाय कोर्स केलेल्यांनीही जरूर यावं. ॲलर्जीचे रुग्ण फोन करतात, त्यांना आम्ही एवढंच सांगतो की सध्याचं इंजेक्शन डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.