पाणी येईपर्यंत लिंपायचं नाही

इंदूरच्या रामबागेतल्या त्या जुन्या घरी मी सकाळी नऊला पोचलो, तर गवंड्याने घमेल्यात माल कालवूनसुद्धा ठेवला होता. ओट्यामागच्या भिंतीत नवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप टाकलेला, पण निम्मा बाहेर डोकावणारा. महालक्ष्म्या चार दिवसांवर. काकू म्हणाल्या, "अरे, सोळा भाज्यांचा स्वयंपाक मी या खड्ड्यासमोर करू का? आजच्या आज लिंपून टाक."

आधी मला खाचेत पाणी सुटतंय का ते बघायचं होतं. गवंडी म्हणाला, "सूखा तो है साब, हाथ लगा के देख लो." सुकं असणारच. तो पाइप टाकीचा नव्हता, थेट नर्मदेच्या लाइनचा होता, आणि त्या भागात पाणी दिवसाआड येतं. आज नळाचा दिवस नव्हता. पाइपात दाब भरून गळती तपासायचा माझा टेस्ट पंप दुसऱ्या साइटवर अडकलेला. म्हणजे पाणी येईपर्यंत थांबायचं. कालवलेला माल अंगणातल्या फुटक्या फरशीत गेला, गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी माझ्या खिशातून गेली, आणि काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चहा मात्र आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेलो. आधी नळातून नुसती फुसफुस, मग पाणी. नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून, साठ-सत्तर किलोमीटर येणारं ते पाणी. १९७८ साली ते पहिल्यांदा इंदूरला आलं, तेव्हा काकूंनी त्या हंड्याला हळदीकुंकू वाहिलं होतं म्हणे. अबोला मोडून एवढं तरी सांगितलं.

नळ बंद करून लाइनचा पूर्ण दाब पाइपवर घेतला. जोडावर कोरडं वर्तमानपत्र दाबून धरलं. काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गवंडी दारात बिडी विझवत माझ्याकडे बघत होता. मग एल्बोच्या, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाच्या, खालच्या बाजूला कागद नाण्याएवढा काळवंडला. बोट लावलं तर ओल. थेंब पडायलासुद्धा वेळ लागत होता, इतकी बारीक गळती. एल्बो उघडला: आट्यांवर गळती अडवणाऱ्या सफेदा-धाग्याची एकच फेरी गुंडाळून प्लंबरने काम उरकलेलं. प्लास्टरखाली ही ओल महिनाभर गप्प बसली असती, आणि मग शेजारच्या खोलीत पोपडे निघाले असते.

जोड नव्याने केला, पुन्हा कागद लावला, अर्धा तास बसलो. कोरडा.

मग दुसरा वाद. काकूंना भिंत सपाट हवी; गवंडी म्हणे खाच अजून खोल मारतो. मी छिन्नी काढून घेतली. भिंत साडेचार इंची आहे. आडवी खाच जाडीच्या एकषष्ठांशाहून खोल नेऊ नये, म्हणजे इथे जेमतेम १९ मिलिमीटर. अर्ध्या इंची पाइपच बाहेरून २१ मिलिमीटरचा, एल्बो त्याहून जाड. तो आत जाणारच नाही, भिंत मात्र कमकुवत होईल. "पीओपी मार देते हैं, दस मिनट में चमक जाएगा," हा त्याचा पुढचा उपाय. ओट्याजवळची दमट जागा, पीओपी म्हणजे जिप्समच, आणि जिप्सम ओलं राहिलं की लोखंड खातं. तोही नाकारला.

पाइपला बिटुमनचा, म्हणजे डांबराचा, हात दिला, त्यावर कोंबडी जाळी ठोकली, एकास चार सिमेंट-वाळूच्या मालाचा जाडसर पट्टा ओढला आणि वरची कड गुण्याने सरळ केली. भिंतीला बारीक कठड्यासारखं काहीतरी झालं. काकूंनी ते बराच वेळ पाहिलं. "ही पायरी कशाला?" एवढंच विचारलं.

सात दिवस ओलं ठेवायचं सांगून आलो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो तेव्हा पट्टा अजून करडाच होता, रंग दसऱ्यानंतर. त्या दोन बोटं रुंद कडेवर तेलाची बुधली आणि हिंगाची डबी बसवलेली होती, आणि काकू सगळ्यांचं वाढून झालं की तांब्यातलं पाणी ओंजळीने भिंतीवर मारत होत्या.